विकास आराखड्यात आमच्या घराच्या जागेवर क्रीडांगण पडलंय, हरकत कशी लिहू?

खाडीकाठची_सून
नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका छोट्या नगरपंचायतीच्या हद्दीत राहते. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. आमच्याकडे विकास आराखडा पहिल्यांदाच होतोय, प्रारूप नकाशा सभागृहात लावलाय. परवा आशाच्या कामाची फेरी आटपून बघायला गेले. आमचा गट नंबर शोधण्यात अर्धा तास गेला. सापडला तो हिरव्या रंगात. म्हणजे क्रीडांगणासाठी आरक्षित.

त्या जागेत आम्हाला घर बांधायचंय. एका छपराखाली अकरा माणसं आहोत, आम्ही दोघी जावा एकाच ओट्यावर भाकऱ्या थापतो. जुनं घर खाडीला लागून, त्यामुळे पुढे सरकावं तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे निर्बंध, बाजूला शेजाऱ्यांची पडवी. मागे चढावर नऊ गुंठे आहेत, तेवढीच जागा. दोन वर्षांपूर्वी अकराशे चिरे आणून तिथे रचले. दोन पावसाळे गेले त्यांच्यावरून, खालच्या थराला शेवाळ धरलंय. सासरे रोज संध्याकाळी जाऊन चिऱ्यांवर हात फिरवून येतात.

आणि ती जागा उताराची आहे हो! वरच्या बांधापासून खालच्या गडग्यापर्यंत वीस फुटांचा तरी फरक असेल. पोरं खेळतात ती वर सड्यावर, कातळाच्या पठारावर. माझे मिस्टर तिथेच खेळले, आता मुलगा खेळतो. तो सपाट सडा नकाशात पिवळा, म्हणजे रहिवासी. शिमग्यात पालखी जिथे बसते त्या सहाणेवरून बारा मीटरचा रस्ता आखलाय, सहाण नकाशात दाखवलेलीच नाही. आखणाऱ्यांपैकी कुणी आमच्या वाडीत पाय ठेवला असता तर असं झालं नसतं.

हरकत कुणाच्या नावे द्यायची, काय जोडायचं? कुणी म्हणतं वकील लागतो, कुणी म्हणतं दहा वर्षं थांबा, आरक्षण आपोआप उठतं.

जुना_मोजणीदार
ताई, भूमी अभिलेखमध्ये नोकरी झाली माझी, म्हणून सांगतो. आपोआप काही उठत नाही. नगररचना अधिनियम १९६६ चं कलम १२७ असं आहे की आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जागा घेतली नाही, तर मालकाने नोटीस द्यायची. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तरच आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं. त्या भरवशावर बसू नका.

तुमचा मोका आत्ता आहे. कलम २६ खाली राजपत्रात सूचना आल्यापासून ३० दिवस. सूचनेची तारीख आजच बघून घ्या. वकील लागत नाही, साध्या कागदावर मुख्याधिकाऱ्यांच्या नावे लिहा. मग कलम २८ प्रमाणे नियोजन समितीपुढे सुनावणी होते, तिला स्वतः उभं राहा.

सगळ्यात आधी विद्यमान भूवापर नकाशा मागा, म्हणजे आज कुठली जागा कशासाठी वापरात आहे ते दाखवणारा. आराखड्याआधी जागेवर सर्वेक्षण करून तो करावा लागतो, कलम २५. त्यात तुमची जागा आणि सडा काय म्हणून दाखवलाय ते बघा. तिथेच चूक सापडली तर तुमची बाजू भक्कम. सातबारा, मोजणीची क प्रत (मोजणीनंतर मिळतो तो नकाशा) आणि फोटो जोडा. उताराचा फोटो काढताना कुणाला तरी काठी धरून उभं करा, नाहीतर फोटोत चढ सपाट दिसतो. घराची हरकत आणि सहाणेची हरकत वेगवेगळी द्या. सहाणेच्या कागदावर मानकऱ्यांच्या आणि वाडीतल्या सगळ्यांच्या सह्या घ्या. हरकत कुणीही देऊ शकतो, त्याला जमीनमालक असायला लागत नाही. पोच आवक क्रमांकासह घ्या.

चिपळूणचा_दुकानदार
मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. हरकतींच्या महिन्यात जो तो फक्त आपलं आरक्षण उठवायला धावतो, आणि शेवटी गावाला ना मैदान उरतं ना पाणी जिरायला मोकळी जागा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा मी माळ्यावर बसून रात्र काढलीय. मोकळ्या जागेची किंमत मला तेव्हापासून कळते. गावाला आराखडा हवाच. म्हणून ताई, ‘आरक्षण रद्द करा’ एवढंच लिहू नका. ‘इथून हलवून अमुक गटात टाका’ असं लिहा.

खाडीकाठची_सून
राग कसला, दादा. मैदान मलाही हवंय, माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. पण सडा पिवळा झाला की तिथे बंगले उठणार आणि आमच्या चढावर मैदान होणं शक्य नाही, मग पोरांनी खेळायचं कुठे? आणि काकांचं १० वर्षं अधिक २४ महिने वाचलं तेव्हा पोटात गोळा आला. तोवर मुलगा २२ चा होईल, सासरे आज ७८ चे आहेत.

काल जाऊबाई आणि मी टेप घेऊन गेलो. प्रत्येक बांधाची उंची मोजून लिहिली, पाच बांध मिळून बावीस फूट भरले. सड्यावर पोरांनी खेळपट्टीला चुना मारलाय त्याचेही फोटो घेतले. अर्जात सड्याचा गट नंबर घालून ‘क्रीडांगण तिथे हलवावे’ असंच लिहितेय.

एकच अडलंय. सातबारा सामायिक आहे आणि मोठे दीर अंधेरीला असतात. त्यांची सही व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो काढून आली तर चालेल का?

जुना_मोजणीदार
तुमची हरकत तुमच्या सहीने आजच देऊन टाका, त्यांच्यासाठी अडून राहू नका. त्यांची सही मात्र कागदावरच मागवा. गावाकडे येणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाकीट द्यायला सांगा, मुदतीत आलं की वेगळी हरकत म्हणून दाखल करा.