मदत हवी आहे: फेडिंग चॅनेल आणि चोरून ऐकणारा

नमस्कार मंडळी, एमटेकच्या प्रबंधात अडकलोय. माहिती-सिद्धांतातले संशोधक वायनर यांचं 1975 चं वायरटॅप मॉडेल समजलं: चोराचा, म्हणजे चोरून ऐकणाऱ्याचा, चॅनेल (सिग्नलचा मार्ग) आपल्यापेक्षा खराब असेल, तर किल्लीशिवायही गुप्तता मिळते. चोराकडे कितीही मोठा संगणक असला तरी त्याचं काही चालत नाही, हेच मला फार आवडतं.

फेडिंगमध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद वरखाली होत राहते तेव्हा, तर आणखी गंमत. मी कागदावर रेले (Rayleigh) फेडिंग, म्हणजे या चढउताराचं एक नेहमीचं गणिती मॉडेल, घेऊन मांडलं: आपला सरासरी सिग्नल-टू-नॉइज (सिग्नल गोंगाटाच्या किती पट) 10, चोराचा 20. दोन्ही चॅनेल स्वतंत्र असतील तर आपला चॅनेल वरचढ असण्याची शक्यता 10/(10+20), म्हणजे तीनातून एकदा. चोर सरासरीने दुप्पट सरस असूनही!

पण चोराचा चॅनेल आपल्याला कळणार कसा? तो तर गप्प बसून ऐकतो. मग संदेश पाठवण्याचा दर (वेग) आधीच ठरवावा लागतो आणि ‘आउटेज’ची, म्हणजे त्या दराने काम फसण्याची, शक्यता काढावी लागते. नेहमीच्या व्याख्येत मात्र दोन वेगळ्या गोष्टी एकत्र मोजल्या जातात: आपल्या माणसाला संदेश न उलगडणं आणि चोराला तो फुटणं. आपला चॅनेल कमकुवत दिसला तर मी पाठवणारच नाही, मग ते अपयश कशाला धरायचं?

‘पाठवलं असताना फुटलं’ अशी सशर्त शक्यता वेगळी काढली तर चालेल का? कुणी हे केलं असेल तर कृपया सांगा, संथ फेडिंगसाठी (चॅनेल हळूहळू बदलतो तेव्हा) विशेषतः.