मदत हवी आहे: 'मुद्दा दिसत नाही' असा शेरा आलाय

रानवारा
निबंध शेरा मारून परत आलाय: 'मुद्दा दिसत नाही, परिच्छेद सुटे वाटतात.' माहिती भरपूर आहे, थीसिसचं वाक्यही (म्हणजे निबंधाचं मुख्य म्हणणं) पहिल्याच परिच्छेदात आहे. उद्या पुन्हा द्यायचाय. नेमकं काय बदलू? प्लीज लवकर सांगा.

अर्धविराम
विषय काय? शब्दमर्यादा किती? आणि ते वाक्य इथे टाका, बघितल्याशिवाय काय सांगणार?

शाईपेन
सुरुवात सुभाषिताने करा, छाप पडते. समास सोडा, अक्षर सुटसुटीत काढा.

रानवारा
टाइप केलेला आहे हो. विषय लसीकरण. वाक्य: 'या निबंधात आपण लसीकरणाचे महत्त्व पाहणार आहोत.' पुढे देवीची लस काढणारा जेन्नर, देवी, गोवर, मग विरोधकांचं म्हणणं.

अर्धविराम
इथेच अडलंय. या वाक्यात विषय कळतो, तुमचं म्हणणं कळत नाही. 'मला हे पटत नाही' असं कुणाला म्हणता येईल, असं वाक्य हवं. उदा. 'शाळाप्रवेशासाठी गोवराची लस सक्तीची असावी, कारण ज्यांना ती देताच येत नाही अशी तान्ही बाळं इतरांच्या लशीवरच सुरक्षित राहतात.' यात बाजू आहे आणि कारणही आहे.

दगडी_पाटी
एवढा विचार कशाला? प्रस्तावना, तीन मुद्दे, समारोप. मी कायम असंच लिहीत आलोय आणि मार्क मिळालेत.

पानगळ
साच्याने परिच्छेद जोडले जात नाहीत. टूलमिन या तत्त्वज्ञाने १९५८ मध्ये युक्तिवादाची मांडणी दाखवली: दावा, आधार आणि आधारावरून दाव्यापर्यंत नेणारा दुवा. निबंधात नेमका हा दुवा गळतो. गोवराचा एक रुग्ण लस नसलेल्या समूहात १२ ते १८ जणांना लागण करू शकतो, हा झाला आधार. 'म्हणून सुमारे ९५ टक्के लोक संरक्षित लागतात आणि थोड्यांनी नकार दिला तरी साखळी सुरू होते' हे लिहिलंत की आकडा तुमच्या बाजूने बोलायला लागतो.

दगडी_पाटी
उद्या द्यायचंय त्यांना, तत्त्वज्ञान काय शिकवताय!

मोरपीस२
सक्ती मुळातच चुकीची आहे. लोकांना समजावून सांगा, ते घेतात लस.

अर्धविराम
@मोरपीस२, त्यासाठी वेगळा धागा काढा. पण रानवारा, हाच आक्षेप तुमच्या विरोधकांच्या परिच्छेदात घ्या आणि त्याला तिथेच उत्तर द्या.

रानवारा
आणि जेन्नर? १७९६ चा तो प्रयोग सगळ्यात चांगला लिहिला गेलाय.

पानगळ
काढा. त्यातून लस चालते एवढंच सिद्ध होतं, सक्ती का हवी ते नाही. देवीचं मात्र ठेवा, पण विरोधी बाजूला. १९८० मध्ये निर्मूलन जाहीर झालं, पण शेवटच्या टप्प्यात भर होता रुग्ण शोधून त्याच्या संपर्कातल्यांना लस देण्यावर. विरोधक म्हणेल, मग सक्ती कशाला? उत्तर असं: गोवराचा रुग्ण पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून संसर्ग पसरवतो. तो सापडेपर्यंत उशीर झालेला असतो. देवीचा संसर्ग मुख्यतः पुरळ उठल्यावर पसरायचा.

शाईपेन
समारोपात कविता चालेल.

रानवारा
देवीच्या परिच्छेदाचं पहिलं वाक्य असं केलं: 'देवी रुग्ण शोधून आटोक्यात आणता आली, गोवराबाबत तेवढ्यावर भागत नाही.' चालेल?

अर्धविराम
चालेल. बाकीच्या परिच्छेदांची पहिली वाक्यंही अशीच करा, मग नुसती तीच सलग वाचून बघा. आणि शब्दमर्यादा सांगा ना, त्यावर ठरेल किती कापायचं ते.