बासचे कॅबिनेट दुकानात वाजवून निवडावे का?

खर्ज :

बास गिटारसाठी स्पीकर कॅबिनेट घ्यायचे म्हटले की पहिला सल्ला मिळतो तो दुकानात जाऊन वाजवून पाहण्याचा. या सल्ल्याला माझा विरोध आहे. ज्यांना तो पटणार नाही त्यांनी कारणे देऊन खोडून काढावा.

चार तारांच्या बासवरची सर्वांत जाड तार, म्हणजे ई, मोकळी छेडली की सुमारे ४१ हर्ट्झचा स्वर देते आणि त्या स्वराच्या लहरीची हवेतील लांबी आठ मीटरांहून अधिक असते. दुकानातली वाजवून पाहण्याची खोली फार तर तीन-चार मीटरांची. चार मीटर लांबीच्या खोलीचा पहिला अनुनाद ४३ हर्ट्झच्या आसपास पडतो, तीन मीटरच्या खोलीचा ५७च्या आसपास. म्हणजे एका खोलीत ई घुमते आणि दुसरीत ए, जिचा स्वर ५५ हर्ट्झचा आहे. भिंतीला पाठ लावून उभे राहिले की हा घुमारा वाढतो आणि खोलीच्या मधोमध आले की तोच स्वर जवळजवळ नाहीसा होतो. त्यात कॅबिनेट कोपऱ्यात ठेवलेले असेल, आणि दुकानात ते बहुधा कोपऱ्यातच असते, तर दोन भिंती आणि जमीन मिळून खर्ज आणखी फुगवतात. अशा ठिकाणी आपण कॅबिनेटचे गुणदोष ऐकत नसून त्या खोलीचे ऐकत असतो.

दुसरी अडचण कानाची. हळू आवाजात माणसाला खर्ज फार कमी ऐकू येतो आणि आवाज चढेल तसा तो मधल्या स्वरांच्या बरोबरीला येऊ लागतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवले होते. आता एका कॅबिनेटची संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक ताकदीत ते किती मोठा आवाज देते त्याचे माप, ९७ डेसिबल आणि दुसऱ्याची १०० असेल, तर ॲम्पचे एकही बटण न हलवता दुसरे अधिक भारदस्त वाटणारच, कारण हा तीन डेसिबलचा फरक म्हणजे ॲम्पची ताकद दुप्पट केल्यासारखा आहे. दोन्हींचा आवाज सारखा करून मग तुलना करणारा ग्राहक मी क्वचितच पाहिला आहे. विक्रेत्यालाही त्याची घाई नसते.

म्हणून माझे म्हणणे असे की आधी कागदावरची मोजमापे पाहावीत, त्यांतून दोन-तीन कॅबिनेट निवडावीत आणि ती एखाद्या दिवसाच्या भाड्याने आणून आपल्या वाद्यवृंदाबरोबर तालमीच्या जागी वाजवावीत. हिंदी-मराठी गाण्यांच्या कार्यक्रमांत वाजवणाऱ्याला माझी शिफारस बारा इंची एकेक स्पीकर असलेल्या, निओडिमियम चुंबकाच्या, आठ ओहमच्या (ओहम म्हणजे कॅबिनेटच्या विद्युत्‌रोधाचे माप) दोन हलक्या कॅबिनेटची राहील. लहान जागी एक न्यावे, मोठ्या जागी दोन.

चौतार :

खर्ज, खोलीबद्दल आपण लिहिले ते मान्य करूनही आपला निष्कर्ष मला उलटा वाटतो. खोली फसवते हे खरे, पण कागद तिच्याहून अधिक फसवतो, कारण खोली निदान काही लपवत तरी नाही.

‘४० हर्ट्झपर्यंत प्रतिसाद’ असे एका पत्रकावर छापलेले असते. तो आकडा तीन डेसिबल घट धरून दिला आहे की दहा, हे बारीक अक्षरांत असते किंवा नसतेच. ॲम्पेगचे आठ स्पीकरांचे प्रसिद्ध कॅबिनेट घ्या. १९६९ मध्ये आलेल्या ३०० वॉटच्या एसव्हीटी ॲम्पबरोबरचे हे कॅबिनेट दहा इंची आठ स्पीकरांचे आणि सीलबंद असते. त्याच्या आजच्या रूपाचा कंपनीनेच दिलेला प्रतिसाद ५८ हर्ट्झला तीन डेसिबलने आणि ४० हर्ट्झला दहा डेसिबलने खाली आलेला आहे. आपल्या पद्धतीने कागद वाचणारा माणूस हे कॅबिनेट पहिल्याच फेरीत बाद करील, कारण ई तारेचा मूळ स्वर त्याच्या उतारावर पडतो. तरीही अर्धशतकाहून अधिक काळ रॉकच्या रंगमंचावर बासचा आवाज म्हटला की लोकांच्या कानात तोच येतो. याचे कारण असे की बासच्या ई स्वरात मूळ ४१ हर्ट्झपेक्षा त्याच्या दुपटीचा, ८२ हर्ट्झचा, अंश बहुधा अधिक बलवान असतो आणि वरचे स्वरांश नीट पोचले की खालचा स्वर कान स्वतःच भरून घेतो. पत्रकावरचा सर्वांत खालचा आकडा म्हणूनच खरेदीचा निकष होऊ शकत नाही.

आणि बोटांखाली जे जाणवते त्याचे काय? सीलबंद कॅबिनेटमध्ये स्वर छेडताक्षणी उमटतो आणि तार दाबताक्षणी थांबतो, असा माझा अनुभव आहे. पोर्ट, म्हणजे हवा आतबाहेर जाण्यासाठी मुद्दाम ठेवलेले भोक, असलेली अनेक कॅबिनेट थोडी रेंगाळतात. हा फरक सर्वसाधारण ग्राहकाला कोणत्याही आलेखात सापडणार नाही, वाजवल्यावर मात्र पाच मिनिटांत कळतो, मग खोली कशीही असो.

आपल्या शिफारशीबद्दलही एक हिशेब मांडतो. स्पीकरचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात धरले तर बारा इंची दोन मिळून २८८ होतात आणि दहा इंची चार मिळून ४००. हवा हलवायची असेल तर चार दहांच्या कॅबिनेटला आजही पर्याय नाही.

ध्वनिक :

मी मिक्सरमागे बसणारा माणूस आहे, त्यामुळे आपणा दोघांनाही थोडे थांबवतो. प्रेक्षक आपले कॅबिनेट ऐकतच नाहीत. बासचा संकेत डीआयमधून (वाद्य थेट मिक्सरला जोडणाऱ्या डबीतून) माझ्याकडे येतो आणि पीएच्या, म्हणजे सभागृहाच्या ध्वनिक्षेपण यंत्रणेच्या, सबवूफरमधून (खर्जाच्या मोठ्या स्पीकरांतून) सभागृहात जातो; कॅबिनेट उरते ते फक्त वाजवणाऱ्याला स्वतःला ऐकू येण्यासाठी. एवढ्या कामासाठी चार दहा इंची स्पीकर रंगमंचावर आणून ठेवले की त्यांचा खर्ज गायकाच्या माइकमध्ये शिरतो, पहिल्या चार रांगांना बास दोन ठिकाणांहून थोड्या वेळाच्या फरकाने पोचतो आणि मग मी पीएमधला बास कमी करतो, म्हणजे मागच्या रांगांना तो मिळत नाही. आपल्या नाट्यगृहांची रंगमंचाची पेटी पोकळ लाकडी फळ्यांची असते, हेही विसरू नये. कॅबिनेट थेट तिच्यावर ठेवले की फळ्याही वाजू लागतात.

कानातले मॉनिटर घ्यावेत आणि कॅबिनेटचे पैसे चांगल्या डीआयवर खर्च करावेत, एवढेच सुचवतो.

सांगावा :

ध्वनिक यांचे म्हणणे मोठ्या शहरातल्या, नीट पीए असलेल्या कार्यक्रमांपुरते खरे आहे. आम्ही लग्नाच्या हॉलमध्ये, हॉटेलात, संस्थांच्या स्नेहसंमेलनांत वाजवतो. तिथे भाड्याने आलेला पीए म्हणजे काठ्यांवरचे दोन स्पीकर, सबवूफर नाही, आणि त्यांतून दोन गायक व कीबोर्ड जेमतेम निघतात. बास त्यांत घातला की गायकाचा आवाज फाटू लागतो. अशा ठिकाणी माझे कॅबिनेट हाच बासचा पीए असतो, आणि कानातल्या मॉनिटरने प्रेक्षकांना काहीच ऐकू जाणार नाही.

चौतार यांना मात्र विचारावेसे वाटते की ते आठ स्पीकरांचे, सुमारे ६४ किलोंचे कॅबिनेट लिफ्ट नसलेल्या हॉलच्या दुसऱ्या मजल्यावर कोण चढवणार? ऑर्केस्ट्रात बासवाल्याला हमाल मिळत नाही.

तरीही खर्ज यांच्या शिफारशीत एक धोका आहे, जो त्यांनी सांगितला नाही. हलकी, लहान कॅबिनेट बहुतेक पोर्टची असतात. पोर्ट ज्या स्वराला जुळवलेला असतो त्याच्या खाली स्पीकरच्या शंकूला आतल्या हवेचा आधार राहत नाही आणि तो सैल झोळासारखा पुढेमागे फडफडू लागतो. पाच तारांची बास असेल तर खालची बी ३१ हर्ट्झची, म्हणजे बहुधा त्या मर्यादेच्याही खाली. पत्रकावर ‘५०० वॉट’ लिहिलेले असते ते व्हॉइस कॉइल, म्हणजे शंकू हलवणारे तारेचे वेटोळे, किती उष्णता सोसेल याचे माप. शंकू किती अंतर हलू शकतो त्याची मर्यादा या स्वरांवर त्याच्या कितीतरी आधी येते. दुकानात हे कधीच कळत नाही, कारण तिथे कोणी पूर्ण आवाजात वाजवू देत नाही. म्हणून ॲम्पमध्ये किंवा त्याच्या आधी ३५-४० हर्ट्झच्या खालचे छाटणारा हायपास फिल्टर हवाच.

निषाद :

नवख्याचा प्रश्न आहे. खाली पंधरा इंची एक आणि वर दहा इंची चार अशी जोडी अनेक जण सुचवतात. पंधरा खर्ज देतो, दहा धार देतात. हे बरोबर आहे का?

खर्ज :

निषाद, स्पीकरचा व्यास मोठा म्हणून खर्ज खोल, हा समज फार जुना आहे. स्पीकर किती खाली जाईल हे त्याचा शंकू, त्याचे निलंबन, चुंबक आणि पेटीचे आकारमान यांच्या मेळावर ठरते. नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकात हे गणित मांडून दिले. पाच इंची स्पीकरांची बास कॅबिनेट करणारी फिल जोन्स बास नावाची कंपनी आजही आहे. शिवाय आपण म्हणता त्या जोडीत दोन्ही कॅबिनेट आठ ओहमची असली तर ताकद अर्धी-अर्धी वाटली जाते, म्हणजे पंधरा इंची एकटा स्पीकर जेवढे सोसतो तेवढे वरचे चार मिळून सोसतात. आवाज चढवला की खर्जासाठी म्हणून आणलेला स्पीकरच आधी दमतो. एकाच जातीची दोन घ्यावीत.

चौतार यांचा क्षेत्रफळाचा हिशेब बरोबर आहे, पण अर्धा आहे. हलणारी हवा म्हणजे क्षेत्रफळ गुणिले शंकूची हालचाल. आजच्या चांगल्या बारा इंची स्पीकरची हालचाल जुन्या दहा इंचीपेक्षा बरीच जास्त असू शकते. खरी अडचण वेगळी आहे. जोसेफ हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम सांगतो की लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या ताकदीत मोठा आवाज या तिन्हींपैकी दोनच मिळतात. ॲम्पेगच्या त्या पेटीने आवाज घेतला आणि खोल खर्ज सोडला, तोही प्रचंड आकार असूनही. मी सुचवलेल्या पेट्या आकारासाठी संवेदनशीलता सोडतात, आणि ती उणीव ५०० वॉटचा, दोन-तीन किलोंचा वर्ग-डी (नव्या धाटणीचा, हलका) ॲम्प भरून काढतो. पूर्वी असा ॲम्प नव्हता, म्हणून पूर्वीची उत्तरे वेगळी होती. सांगावा यांचा फिल्टरचा मुद्दा मात्र प्रत्येकाने लिहून ठेवावा.

वाजवून पाहण्याला माझा विरोध नाही, पाहण्याच्या रीतीला आहे. स्वतःची बास आणि स्वतःचा ॲम्प न्यावा, टोनची बटणे मध्यावर ठेवावीत, ट्वीटर (वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर) आधी बंद करून मग उघडावा आणि कॅबिनेट भिंतीपासून दूर घ्यावे. शक्य असेल तर दुसऱ्याला वाजवायला सांगून स्वतः दहा मीटर लांब जावे. जमिनीवरच्या ठेंगण्या कॅबिनेटचे मधले आणि वरचे स्वर जवळ उभ्या असलेल्या वादकाच्या पायांपाशीच जातात. त्याला नुसता घुमारा ऐकू येतो, म्हणून तो ट्रेबल वाढवतो आणि समोर बसलेल्यांचे कान किटतात. दोन बारा एकावर एक उभे ठेवले की वरचा स्पीकर कानाच्या जवळ येतो आणि बाजूच्या ढोलकवाल्यालाही बास समजतो. चार दहांच्या चौकोनी पेटीत शेजारशेजारचे स्पीकर बाजूला गेल्यावर एकमेकांचे वरचे स्वर खोडतात.

चौतार :

बटणे मध्यावर ठेवली म्हणजे ॲम्प सपाट झाला, हेही कागदी सत्य आहे. फेंडर धाटणीच्या टोन-रचनेत सगळी बटणे मध्यावर असतानाही मधले स्वर दबलेलेच असतात. त्या ॲम्पवर एक कॅबिनेट मधुर लागेल आणि दुसऱ्या ॲम्पवर तेच कर्कश लागेल. म्हणून बटणे हलवत, आपल्याला हवा तो आवाज कोणत्या कॅबिनेटवर कमी कष्टात सापडतो, हे पाहणे अधिक उपयोगी आहे. आपली शिस्त प्रयोगशाळेला शोभेल. वादक कॅबिनेट घेतो तो एका विशिष्ट आवाजासाठी.

वजनावर मी हरलो. आवाजावर नाही.

ध्वनिक :

सांगावा यांच्या हॉलांना माझा कानातला उपाय लागू पडत नाही, हे योग्यच. मग एक करा : कॅबिनेट रंगमंचाच्या कडेला, फोमच्या जाड तुकड्यावर आणि वादकाकडे थोडे तिरके ठेवा. पोकळ फळ्यांचा घुमारा एवढ्यानेच बराच उतरतो.

निषाद :

आणि एकच घ्यायचे झाले तर चार ओहमचे की आठचे?

सांगावा :

आठचे. तुमच्या ॲम्पची किमान मर्यादा चार ओहम असेल, बहुतेकांची तीच असते, तर चार ओहमचे कॅबिनेट आज पूर्ण ताकद काढून देईल, पण पुढे दुसरे जोडायला जागा उरणार नाही. आठची दोन समांतर जोडली की चार होतात. केबल स्पीकॉनची (स्पीकरसाठीच्या, फिरवून अडकवायच्या जोडणीची) घ्या, गिटारची वायर स्पीकरला लावू नका. बारीक तारेची ती वायर एवढ्या प्रवाहासाठी नसते. आणि चौतार यांना चार दहा एवढे प्रिय असतील तर त्यांनी दोन दहांची दोन कॅबिनेट घ्यावीत, उभी रचावीत, म्हणजे क्षेत्रफळ ४००च राहील आणि जिन्यावर एका हातात एक मावेल.

चौतार :

दोन दहांची दोन. विचार करण्यासारखे आहे, पण सीलबंद असतील तरच, आणि आधी वाजवून पाहीन. दुकानातच.