फायबरच्या होडीच्या बुडाला फोड आलेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या फुगवट्यात मामांची चौदा फुटी फायबरची होडी आहे, मासेमारीची. आठ-नऊ वर्षं पाण्यातच. यंदा दिवाळीनंतर वर ओढून उलटी केली, तर बुडाला फोडच फोड. काही मुगाएवढे, काही पाचच्या नाण्याएवढे. एक टोच्याने फोडला तर चिकट पाण्याची चिळकांडी उडाली, वास थेट व्हिनेगरचा. चष्मा होता म्हणून डोळा वाचला.

अंबडचा एक फायबरवाला म्हणतो, घासा, गाडीच्या पत्र्याला लावतात ती लांबी (पुट्टी) भरा, वरून जेलकोट (फायबरवरचा गुळगुळीत बाहेरचा थर) मारा, दोन दिवसांचं काम. पण मागच्या वर्षी मी चार फोडांना हेच केलं होतं. चारही परत आले, शेजारी पिल्लं घेऊन!

थोडं वाचल्यावर कळलं ते असं: जेलकोटमधून पाणी हळूहळू झिरपतं, आतल्या रेझिनमधली (फायबरचे धागे बांधून ठेवणाऱ्या राळेतली) सुटी रसायनं त्यात विरघळतात आणि तो आंबट द्राव बाहेरचं आणखी पाणी ओढतो. मनुका भिजत घातला की फुगतो, तसंच. आणि मला वाटायचं हे दुखणं समुद्रातल्या बोटींचं. उलट गोड्या पाण्यात ते जास्त, कारण आतला द्राव आणि बाहेरचं पाणी यांच्या दाटपणातला फरक मोठा.

आता प्रश्न: सगळा जेलकोट काढायचा की फोडांपुरता? आणि सुकवायचं किती दिवस?

प्रतिसाद १
आधी धुवा, मग सुकवा. आतला द्राव नुसत्या उन्हाने जात नाही, त्यातलं ग्लायकॉल (रेझिनमधून सुटलेलं चिकट रसायन) उडून न जाता हवेतला ओलावा धरून बसतं. प्रत्येक फोड कडा घट्ट लागेपर्यंत उघडा, कोमट गोड्या पाण्याने जोरात धुवा, आठवड्याने पुन्हा. वास आणि चिकटपणा जाईस्तोवर. फोड विखुरलेले असतील तर तेवढेच उघडा. तळहाताएवढ्या जागेत दहा-बारा असतील तर जेलकोट सोलावाच लागेल.

सुकायला दोन-तीन महिने धरा. प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून उन्हात ठेवा, आतून दव धरलं तर अजून ओलं आहे.

गाडीची लांबी पॉलिस्टरची, ती पाणी पिते. इथे एपॉक्सीच (दोन भाग मिसळून घट्ट होणारी, पाणी कमी पिणारी राळ), मायक्रोबलून (बारीक पोकळ गोळ्यांची हलकी पूड) घालून. वर एपॉक्सीचेच पाच-सहा हात, मग पॉलियुरेथेन रंग. एपॉक्सीवर नेहमीचा जेलकोट नीट धरत नाही.

धागाकर्ता
धन्यवाद दादा! म्हणजे काम फेब्रुवारीच्या शेवटी. डिसेंबर-जानेवारीत इथे रात्री पारा दहाच्या खाली जातो, तेवढ्या थंडीत एपॉक्सी घट्ट होणार कशी?

प्रतिसाद १
बरोबर, थंडीत घाई नको. एक राहिलं: हात मारल्यावर वर मेणचट थर आला तर पाण्याने घासून पुसा, नाहीतर पुढचा हात सुटून येतो.

धागाकर्ता
मामांना सांगितलं. म्हणाले, "तोवर मासे काय तुझ्या मोबाईलने धरू?" शेजाऱ्याची होडी मागायला निघालोय.