१० मेगाहर्ट्झच्या डॉप्लर आलेखातल्या लाटा टीआयडीच आहेत का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आयनांबरातून (हवेच्या वरच्या विद्युतभारित थरातून) सरकत जाणाऱ्या लहरी, म्हणजे टीआयडी, घरच्या सामानावर टिपता येतात का ते पाहतोय. मुक्काम सातारा. गच्चीवर १० मेगाहर्ट्झला कापलेला डायपोल अँटेना, खालच्या खोलीत टीसीएक्सओवाला (तापमान सावरणारा स्फटिक-आंदोलक असलेला) एसडीआर, म्हणजे संगणकावर चालणारा रेडिओ रिसीव्हर, आणि ऐकायला चीनच्या शान्शी प्रांतातलं बीपीएम हे वेळेचे संकेत देणारं केंद्र. बीपीएमच आहे याची खात्री आहे, कारण २९व्या आणि ५९व्या मिनिटाला मोर्समध्ये नाव येतं.

२० सेकंदांचे तुकडे पाडून एफएफटी (संकेतातल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या काढणारं गणित) घेतो, म्हणजे ०.०५ हर्ट्झपर्यंतचा फरक दिसतो. पहाटे आलेखातली फ्रिक्वेन्सीची रेघ वर उचलते आणि संध्याकाळी खाली पडते, ते कळतं: उजाडताना परावर्तनाची उंची उतरते, मार्ग आखडतो, मावळताना उलट. प्रश्न दुपारचा आहे. रेघ सरळ राहायच्या ऐवजी ०.३ ते ०.५ हर्ट्झ वरखाली होते आणि एका लाटेला २० ते ४० मिनिटं लागतात. कागदावर हिशेब मांडला. थर सेकंदाला १० मीटरने खाली आला, तर सरळ वर जाऊन परतणाऱ्या १० मेगाहर्ट्झच्या लहरीत ०.६७ हर्ट्झचा फरक पडेल. तिरप्या मार्गावर त्याहून कमी. म्हणजे आकडा अगदीच अशक्य नाही.

पण ही टीआयडी आहे हे छातीठोक कसं सांगायचं? पुण्यात आणि कोल्हापुरात एकेक मित्र असाच रिसीव्हर लावायला तयार आहे. तिघांच्या नोंदींवरून वेग आणि दिशा निघेल का? आणखी एक: काही दिवस अंधार पडल्यावर रेघ पार पिंजून जाते, ते काय प्रकरण?

खरखर:
आधी डबा तपासा, मग आभाळ. टीसीएक्सओ अर्धा पीपीएम (दहा लाखांत अर्धा भाग) म्हटला तरी १० मेगाहर्ट्झवर ५ हर्ट्झ होतात, आणि तुम्ही शोधताय ०.०५. दुपारी तापलेल्या स्लॅबखालची खोली आणि मधूनच लावलेला पंखा, एवढ्यावरसुद्धा अर्ध्या तासाची झकास लाट निघते. फुकटातली चाचणी सांगतो. मॉस्कोचं आरडब्ल्यूएम हे वेळेचं केंद्र ९९९६ किलोहर्ट्झवर असतं, तेही त्याच एसडीआरवर सोबत नोंदवा. तासाच्या आणि अर्ध्या तासाच्या ठोक्यापासून पहिली जवळजवळ ८ मिनिटं त्याची निव्वळ वाहक लहर चालू असते. दोन्ही रेघा हातात हात घालून हलल्या तर दोष डब्याचा. चीन आणि रशियाकडून येणारे मार्ग वेगळ्याच आभाळातून येतात, ते एका तालात हलायचं कारण नाही. हौस टिकली तर जीपीएसडीओ (जीपीएसच्या वेळेला बांधलेला आंदोलक) घ्याच, त्याशिवाय या कामात मजा नाही.

निरभ्र:
खरखर यांच्याशी सहमत. ते झालं असं धरून पुढचं लिहितो.

तुमचा रिसीव्हर साताऱ्यात असला तरी लाट साताऱ्यावरची नाही. शान्शीपासून साताऱ्यापर्यंत साधारण ४,००० किमी. लहर एकाच उडीत आली तर परावर्तन भूतान-आसामच्या बाजूला. दोन उड्यांत आली तर एक बिंदू छत्तीसगडकडे आणि दुसरा पश्चिम सिचुआनवर. दोन्ही प्रकार एकदम आले की रेघेला फाटे फुटतात. एक उडीवाली स्पष्ट रेघ असलेल्या वेळाच निवडा, बाकीच्या सोडून द्या.

आता तिघांचं. पुणे, सातारा, कोल्हापूर नकाशावर मांडून पाहा, जवळपास एका ओळीत येतात. ओळीवरून दिशा निघत नाही, त्रिकोण लागतो. सोलापूरला कोणी मिळालं तर काम होईल. शिवाय प्रक्षेपक एकच असल्यामुळे परावर्तनाचे बिंदू रिसीव्हरांमधल्या अंतराच्या निम्म्यानेच सरकतात. सातारा-कोल्हापूर ११० किमी धरलं तर वर ५५. लाट त्या दिशेने सेकंदाला १५० मीटरने चालली असेल तर दोन नोंदींत ६ मिनिटांचा फरक दिसायला हवा. तुमच्या २० सेकंदांच्या तुकड्यांना तो सहज सापडेल.

वेगावरून जात ओळखता येते. मध्यम आकाराच्या टीआयडी सेकंदाला १०० ते २५० मीटर, लांबी काहीशे किमी, आवर्तन १५ ते ६० मिनिटं. तुमच्या दुपारच्या लाटा यात बसतात. उत्तर गोलार्धात हिवाळ्यात दिवसा त्या बहुधा दक्षिणेकडे जातात. वातावरणात खालून वर चढणाऱ्या गुरुत्व लहरी (वरखाली हेलकावणाऱ्या हवेच्या लाटा) हे त्यांचं नेहमीचं कारण. मोठ्या टीआयडी ४०० ते १००० मीटरने धावतात, लांबी १००० किमीच्या वर, आणि भूचुंबकीय वादळात ध्रुवाकडून येतात. तेव्हा त्या दिवसाचा केपी निर्देशांक (भूचुंबकीय खळबळीचं माप) आलेखाशेजारी लिहायची सवय लावा.

स्वतंत्र पुरावा हवा तर जीपीएस. बंगळूर आणि हैदराबादच्या आयजीएस (जीपीएस नोंदींचं जागतिक जाळं) केंद्रांच्या ३० सेकंदांच्या फाइली मोफत मिळतात. दोन फ्रिक्वेन्सींच्या फेजवरून टीईसी (वाटेतल्या इलेक्ट्रॉनांचं एकूण प्रमाण) काढा, तासाभराची सरासरी वजा करा, ३० अंशांखालचे उपग्रह गाळा. उरलेली वळवळ टीईसी एककाच्या काही दशांशांची असते. एक एकक म्हणजे एल१वर (जीपीएसच्या मुख्य फ्रिक्वेन्सीवर) १६ सेंटिमीटरचा उशीर, त्यामुळे फेजमध्ये ती स्वच्छ दिसते. एकच भान ठेवा: जीपीएसचा उपग्रह स्वतः सरकत असतो, म्हणून दिसणारं आवर्तन खऱ्याहून वेगळं येतं. गगनचे (भारताची जीपीएस-सुधारणा यंत्रणा) भूस्थिर उपग्रह एल१ आणि एल५ दोन्ही देतात, तिथे ही कटकट जवळपास नाही.

पन्हाळकर:
रात्रीच्या पिंजण्याबद्दल. आपण चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ असल्यामुळे सूर्यास्तानंतर प्लाझ्मा बुडबुडे (आयनांबरातल्या विरळ पोकळ्या) उठतात, मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात जास्तच. त्यांनी रेघ पसरते. टीआयडी तिला नुसती वळवते. सरसकट सगळं टीआयडी म्हणू नका. कोल्हापुरातून ६३० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशात अख्ख्या आकाशाचे फोटो घेऊन यावर बरंच काम झालंय. तो प्रकाश सुमारे २५० किमी उंचीवरून येतो, आणि फोटोत बुडबुड्यांचे उत्तर-दक्षिण काळे पट्टे पूर्वेकडे सरकताना दिसतात. चांदण्या रात्री मात्र कॅमेरा झाकूनच ठेवायचा.

सातारकर (धागाकर्ता):
आरडब्ल्यूएमची युक्ती आजच लावतो. निरभ्र, जुन्या नोंदींवर हात बसवायला एखादा ठळक दिवस सुचवाल का?

निरभ्र:
१५ जानेवारी २०२२, टोंगाचा ज्वालामुखी. स्फोट ०४:१५ यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) सुमारास. हवेच्या दाबाची लाट सेकंदाला ३००हून जास्त मीटरने जगभर फिरली आणि तिच्यासोबत आयनांबरातही लाटा उठल्या. टोंगापासूनचं अंतर काढून ती कधी पोहोचायला हवी ते आधी लिहा, मग हैदराबादची फाइल उघडा.

भीमाकाठ:
सोलापुरात माझी गच्ची मोकळी आहे, वीजही बऱ्यापैकी टिकते. एसडीआर पाठवा, डायपोल मी बांधतो. फक्त चौघांनीही घड्याळं यूटीसीवर ठेवा, नाहीतर साडेपाच तासांचा घोळ निस्तरत बसावं लागेल.