जुन्या बिल्डिंगमधला फ्लॅट : मेंटेनन्स आणि मोठ्या दुरुस्तीसाठी वर्षाला किती बाजूला ठेवायचे?

पल्लवी_मुलुंड
नमस्कार मंडळी. मुलुंड पूर्वेला रिसेलचा वन बीएचके बघतोय, 1994 ची बिल्डिंग, स्टिल्ट प्लस सहा, एकूण 24 फ्लॅट, एक लिफ्ट. बिल्टअप 550 फूट, किंमत 1 कोटी 30 लाख. आमचा फ्लॅट सहाव्यावर म्हणजे वर थेट गच्ची. नवऱ्याने नेटवरून एक हिशोब काढलाय की घराच्या किमतीच्या 1 टक्का दरवर्षी दुरुस्तीला ठेवायचा, म्हणजे झाले 1 लाख 30 हजार, होम लोनचा हप्ता भरून एवढे कुठून काढायचे सांगा! उलट पुण्याची मावसबहीण म्हणते आम्हाला वीस हजारसुद्धा लागत नाहीत. सोसायटी महिन्याला 3400 मेंटेनन्स घेते, त्यात सगळं येतं ना? की वेगळे ठेवायला लागतात? खरा आकडा काय धरायचा?

खजिनदार_बोरिवली
पल्लवीताई, तो 1 टक्क्याचा हिशोब अमेरिकेतला आहे, तिथे स्वतःचं बैठं घर, स्वतःचं छप्पर, सगळं स्वतःच करायचं. आपल्याकडे किमतीचा बराच मोठा भाग जागेचा असतो. हाच 550 फुटांचा फ्लॅट बदलापूरला घेतलात तर किंमत कितीतरी खाली येईल आणि प्रभादेवीला घेतलात तर कुठच्या कुठे जाईल, पण गीझर, पाइप, प्लास्टर, वायरिंग यांचा खर्च तिन्हीकडे जवळपास तोच. त्यामुळे किमतीवरून काढूच नका.

दोन डबे करा, एक दाराच्या आतला आणि एक सोसायटीचा. सोसायटीच्या डब्यात लोक फसतात कारण त्यांना वाटतं सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी) कापतात म्हणजे झालं. आदर्श उपविधीत (सोसायट्यांसाठीचे नमुना नियम) सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.25 टक्के आणि दुरुस्ती निधी किमान 0.75 टक्के आहे, पण हा खर्च बिल्डिंग बांधली तेव्हाचा, जमिनीची किंमत सोडून. समजा तुमच्या बिल्डिंगचा तेव्हाचा खर्च फुटाला 500 रुपये होता, तर 550 फुटांचे झाले 2 लाख 75 हजार. त्याचे 0.25 टक्के म्हणजे वर्षाला एका फ्लॅटमागे 690 रुपये, 24 फ्लॅटचे साडेसोळा हजार!! तीस वर्षं एकही हप्ता न चुकता जमवले तरी मुद्दल पाच लाखांच्या आत. तेवढ्यात आज नवी लिफ्ट बसत नाही, बाहेरून रंग तर सोडाच. किमान म्हणजे किमान, सर्वसाधारण सभा ठराव करून दर वाढवू शकते, पण एजीएमला हा विषय निघाला की निम्मे लोक उठून जातात ही खरी अडचण आहे आणि मला त्याचा फार त्रास होतो, कारण नंतर एकदम लाख-दोन लाखांची काँट्रिब्युशन काढली की पेन्शनवर जगणारे म्हातारे सभासद कुठून आणणार?

टोकन द्यायच्या आधी सोसायटीकडून मागच्या तीन वर्षांचे ऑडिट झालेले ताळेबंद मागा. सिंकिंग फंडचा आकडा बघा आणि तेवढ्याच रकमेची एफडी खरंच आहे का तेही बघा, पुष्कळदा आकडा कागदावर असतो आणि पैसे रोजच्या खर्चात गेलेले असतात. स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे बिल्डिंगच्या मजबुतीच्या तपासणीचा रिपोर्ट मागा. उपविधीनुसार 15 ते 30 वर्षांच्या बिल्डिंगला दर 5 वर्षांनी आणि 30 च्या वर दर 3 वर्षांनी ऑडिट करायचं असतं, तुमची बिल्डिंग आता दुसऱ्या गटात गेली. मुंबई महापालिका कायद्याच्या कलम 353 ब खालीसुद्धा 30 वर्षांवरच्या बिल्डिंगला मजबुतीचा दाखला लागतोच. आणि दुरुस्तीची काँट्रिब्युशन मंजूर होऊन वसूल व्हायची राहिली असेल तर ती विकणारा भरणार की तुम्ही, हे ॲग्रीमेंटमध्ये लिहून घ्या.

साइट_इंजिनिअर
काकांचा हिशोब बरोबर आहे, मी पुणे-मुंबई फरकाबद्दल लिहितो कारण रिपेअरच्याच साइटवर असतो.

पुण्यात वर्षाचा पाऊस साधारण 700 मिमीच्या आसपास, आपल्याकडे सांताक्रूझला जून ते सप्टेंबरमध्येच 2000 च्या वर, शिवाय समुद्राची खारी हवा. काँक्रीटला बारीक भेगा असतातच, त्यातून पाणी आणि क्षार सळईपर्यंत जातात, सळई गंजली की फुगते आणि वरचं काँक्रीट आतून फोडते. स्टिल्टमध्ये गाड्या लावतात ना तिथले कॉलम बघा, कोपऱ्यावर उभी सरळ चीर दिसली तर ती सळईच्या रेषेतच असते. आमचा माणूस हातोडीने ठोकत जातो, जिथे पोकळ वाजतं तिथे खडूने खूण करतो, मग तेवढं फोडायचं, तारेच्या ब्रशने गंज काढायचा, केमिकल लावायचं, सळई फारच बारीक झाली असेल तर जोडीला नवीन टाकायची, मग पॉलिमर मॉर्टर. पुण्यात हे होत नाही असं नाही, पण सावकाश होतं. मुंबईतही जुहू-वरळीला समुद्रासमोर आणि मुलुंडला आत यात बराच फरक पडतो, तुमचं त्या मानाने बरं आहे.

आणि एक लक्षात ठेवा, रिपेअरचं एस्टिमेट नेहमी वाढतं. त्यात प्रत्येक वेळी चोरी असते असं नाही, प्लास्टर काढल्याशिवाय आत काय आहे ते कळतच नाही. कमिटीने वीस-पंचवीस टक्के जास्तीचे धरूनच सभासदांकडून मागावेत आणि मोजमाप प्रत्यक्ष जागेवर उभं राहून घ्यावं, मेजरमेंट शीटवर सही ऑफिसात बसून करू नये.

शुभांगी_वर्सोवा
दाराच्या आतलं मी सांगते, माझ्याकडे वही आहे. प्रत्येक वस्तूची आजची किंमत भागिले ती किती वर्षं टिकते, बस. आमच्याकडे असं धरलंय: गीझर दहा हजार, आठ वर्षं. एसी 45 हजार, तोही आठच वर्षं (समुद्राजवळ आउटडोअरची कॉइल खूप लवकर सडते, ॲल्युमिनियमची तर घेऊच नका, तांब्याची घ्या). आतला रंग 60 हजार, सहा वर्षं. खिडक्या 80 हजार, वीस वर्षं. वायरिंग 90 हजार, पंचवीस वर्षं. बाथरूम-टॉयलेट वॉटरप्रूफिंगसकट दोन लाख, अठरा वर्षं. सगळं मिळून वर्षाला 35-36 हजार होतात, वर प्लंबर-इलेक्ट्रिशियनचे किरकोळ, म्हणून मी 40 धरते आणि दर महिन्याला वेगळ्या आरडीत टाकते.

पण पल्लवी, जुना फ्लॅट घेताना पूर्ण आयुष्याने भागू नकोस गं, उरलेल्या वर्षांनी भाग. 1994 ची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) पाइपलाइन आणि ओरिजिनल वायरिंग असेल तर त्यांची वर्षं संपलीत, ते पहिल्याच वर्षाच्या खर्चात धर. तेव्हाची वायर एसी आणि इंडक्शनच्या लोडसाठी टाकलेलीच नसते. लिफ्टचंही तसंच, 15 लाखांची नवी लिफ्ट म्हणजे 24 फ्लॅटला प्रत्येकी 62 हजार 500. नवीन असती तर पंचवीस वर्षांत वाटून वर्षाला अडीच हजार पडले असते, पण 94 चीच चालू असेल तर ते पैसे दोन-तीन वर्षांत लागणार.

रोहन_चुनाभट्टी
एक वेगळं मत. तीस वर्षं झालेल्या बिल्डिंगवर एवढा पैसा कशाला घालायचा? मुलुंडमध्ये सगळीकडे रिडेव्हलपमेंट चालू आहे, बिल्डर येईल आणि सगळं नवीन मिळेल. बाथरूमवर दोन लाख घालून दोन वर्षांत ते पाडणार असतील तर?

खजिनदार_बोरिवली
रोहन, मुद्दा चुकीचा नाही पण "बिल्डर येईल" यावर घर चालवता येत नाही. 2019 च्या जीआरप्रमाणे 51 टक्के सभासदांची संमती पुरते हे खरं, तरी पीएमसी (प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंट) नेमणं, टेंडर, बिल्डरची निवड, करार, परवानग्या यात वर्षं जातात, मधे कोणी कोर्टात गेलं तर विचारूच नका. तोवर माणसं त्याच स्लॅबखाली झोपतात. म्हणून मी दोन भाग करतो. जीवाशी खेळ असलेलं लगेच करायचं: कॉलम-बीम, बाल्कनीचे छज्जे, वायरिंग, लिफ्ट, गळती. दिसण्यासाठीचं थांबवायचं: टाइल्स, किचन, बाहेरचा रंग. ऑडिटमध्ये सी-1 (सगळ्यात धोकादायक वर्ग) आलं तर बिल्डिंग रिकामीच करायची असते, पण सी-2 बी (घर रिकामं न करता मोठी दुरुस्ती) किंवा सी-3 (किरकोळ दुरुस्ती) असेल तर दुरुस्ती करून अजून बरीच वर्षं राहता येतं, त्यामुळे रिपोर्ट वाचल्याशिवाय आकडा काढूच नका.

पल्लवी_मुलुंड
सगळ्यांचे खूप आभार, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. आत्ताचा हिशोब असा केलाय: आतले वर्षाला 40 हजार, सोसायटीचे 20 हजार (दहा वर्षांत एक मोठी दुरुस्ती, फ्लॅटमागे दोन लाख धरून), आणि वायरिंग, पाइप, लिफ्ट मिळून अडीच लाख आधीच वेगळे, ते किमतीतून कमी करून मागणार आहे. ताळेबंद पण मागितलेत, सेक्रेटरी आढेवेढे घेतायत. एकच राहिलं, गच्चीवरून गळलं तर खर्च माझा की सोसायटीचा? एजंट म्हणतो टॉप फ्लोअरवाल्यानेच करायचं असतं.

साइट_इंजिनिअर
एजंटचं ऐकू नका. गच्चीची गळती आणि त्यामुळे खराब झालेलं तुमच्या छताचं प्लास्टर, दोन्ही उपविधीनुसार सोसायटीचा खर्च. तुमच्या संडास-बाथरूम-सिंकमधून खालच्याकडे गळलं तर तो तुमचा.

पण फ्लॅट बघायला परत जा, पोटमाळ्यावर चढून छताचे कोपरे बघा, नवा रंग फक्त तेवढ्याच भागाला दिलेला असेल तर विचारा का. मग गच्चीवर जा आणि कोबा (गळती थांबवायला विटांचे तुकडे आणि सिमेंटचा टाकलेला थर) किती वेळा केलाय ते बघा. जुना न काढता त्यावरच नवा थर टाकत गेले असतील तर दाराचा उंबरठा कोब्यात बुडालेला दिसेल, म्हणजे स्लॅबवर फुकटचं वजन आलंय आणि गळती तशीच आहे. तसं असेल तर जुना कोबा पूर्ण काढून नवीन करण्याचा ठराव मागा, काम पावसाळा सोडूनच होतं, आणि झाल्यावर गच्चीत दोन दिवस पाणी भरून ठेवून तुमच्या घरातून छत बघा, त्यानंतरच काँट्रॅक्टरचं शेवटचं बिल सोडू दे.