अनुभव धागा: तुमच्या घरातल्या मागच्या माणसांची नोंद कुठे सापडली?

परवा आजोबांचं वर्षश्राद्ध झालं. गुरुजींनी नावं विचारायला सुरुवात केली, वडील, आजोबा, पणजोबा पटापट आले, मग आई, आजी, पणजी. पणजीपाशी सगळे थांबले. बाबा काकांकडे बघतायत, काका आत्याकडे. गुरुजी म्हणाले, माहीत नसेल तर राहू द्या, नुसतं गोत्र घेऊन पुढे जाऊ. आणि गेले पुढे. मला मात्र तिथे बसवेना. ज्या बाईने दोन पोरं वाढवली म्हणून आम्ही सगळे आज पाटावर बसलोय तिचं नाव घरात एकालाही माहीत नाही.

तिच्याबद्दल एवढंच ऐकलंय की 1918 च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत, दिवाळीच्या तोंडावर, आठ दिवसांत घरातली तीन माणसं गेली, त्यात पणजोबाही गेले. ती आणि दोन मुलगे राहिले. गाव खेड तालुक्यात. फोटो नाही, पत्र नाही, तिचं माहेर कुठलं तेही कुणाला सांगता येत नाही.

म्हणून हा धागा. नुसता वंशवृक्ष नको, अमक्याचा तमका कितवा ते नंतर बघू. ती माणसं काय करायची, कशाने गेली आणि तुम्हाला हे कळलं कुठून ते लिहा. मोठं झालं तरी चालेल.

*

ताई, आमचं सातारा जिल्ह्यातलं. देव्हाऱ्यात एक गोल जाड ताटलीसारखी देवी होती, ब्राँझची, साधारण अर्ध्या वितीची. हातात त्रिशूळ, पायाशी सिंह, बाजूला दोन मासे. आजी तिला दर सणाला चिंचेने घासायची, हळदकुंकू वाहायची, नवरात्रात माळ चढवायची. कुठली देवी असं विचारलं की म्हणायची, मोठ्या मामंजींनी आणलेली.

मी बारावीत असताना एकदा ती घासून उन्हात ठेवली होती. तिरपं ऊन पडलं होतं आणि कडेने इंग्रजी अक्षरं दिसली. देवीच्या एका हातात माळ आहे, त्या माळेखाली एक छोटी चौकट आहे आणि चौकटीत आमचं आडनाव! घासून घासून अर्धं पुसट झालेलं, बोट फिरवलं की जास्त कळत होतं. पुढे समजलं की पहिल्या महायुद्धात जे सैनिक गेले त्यांच्या घरी ब्रिटिश सरकारने अशी पदकं पाठवली होती. वर हुद्दा नसतो, फक्त नाव. आणि ती देवी नाहीच, ब्रिटनचं प्रतीक असलेली ब्रिटानिया आहे.

पणजोबांचे थोरले भाऊ, 117 व्या मराठा पलटणीत. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुतला वेढा पडला होता, 29 एप्रिल 1916 ला तिथलं सैन्य शरण गेलं, त्या सगळ्यात ते गेले. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर शोधलं तर नाव, नंबर, वडिलांचं नाव, गाव आणि तालुकासुद्धा मिळाला, स्पेलिंग इतकं वेगळं होतं की मला दोन महिने लागले म्हणून सांगतो, आडनावाने शोधू नका, गावाच्या नावाने शोधा. त्यांची नोंद बसऱ्याच्या स्मारकात आहे. पण त्या भिंतीवर गोऱ्या शिपायांची नावं कोरलीत आणि आपल्या साध्या शिपायांचा पलटणवार नुसता आकडा आहे. हे वाचलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आजीला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, देवी नसली तर नसू दे, घरातलाच माणूस आहे ना तो, मग पुजायला काय झालं. अजून देव्हाऱ्यातच आहे. फक्त आता चिंचेने घासत नाही, नाव जाईल म्हणून.

*

माझा अनुभव कुणबी नोंदींच्या वेळचा. 2023 मध्ये मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमली आणि गावोगाव जुनी दप्तरं उघडली, तेव्हा आम्हीपण तहसीलला खेटे घालत होतो. गाव नमुना 14, म्हणजे जुनं कोतवाल बुक. जन्म आणि मृत्यू त्यात लिहायचे. पानं इतकी ठिसूळ की तिथला माणूस उलटताना श्वास रोखायचा.

आम्ही बघत होतो जातीचा रकाना. बोट त्याच रकान्यावरून खाली सरकत होतं आणि पणजोबांचं नाव आलं, मुलगा झाला, म्हणून नोंद. आम्ही खूश, आजोबा सापडले! पण साल जुळेना. आजोबांच्या जन्माआधीचं निघालं. मग मृत्यूच्या पानांवर तेच पणजोबा परत, यांचा मुलगा, वय दीड वर्ष, कारण देवीचा रोग. मग पुन्हा मुलगी झाली. पुन्हा मृत्यू, कारण ताप. पुन्हा मुलगा, कारण हगवण. बाळांची नावंच नाहीत कुठे, नुसतं अमक्याला मुलगा, अमक्याला मुलगी. आजोबा पहिले नव्हतेच, चौथे होते. आणि त्यांचं नाव धोंडीवरून का ठेवलं हे मला त्या टेबलापाशी उभं असताना कळलं, आधीची जगत नसली की दगडाधोंड्याचं नाव ठेवायचे ना, तसं.

प्रमाणपत्राचं काम झालं. पण घरी येऊन मी वंशावळीत त्या तिघांसाठी तीन रेघा काढल्या, नाव नसलं तरी.

*

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत आहे, जाडजूड, पन्नास वर्षांपूर्वी छापलेला. मुलग्यांचं शिक्षण, नोकरी, कोणाला कोणतं बक्षीस मिळालं इथपर्यंत सगळं. मुलींपुढे "कन्या 2". बस. आत्याने सत्तरी उलटल्यावर एक वही घातली आणि प्रत्येक "कन्या"च्या सासरी फोन करून, पत्र पाठवून नावं गोळा केली, माहेरचं नाव, सासरचं नाव, कुणी बाळंतपणात गेली, कुणी शिक्षिका झाली, कुणाला सोवळी करून मागच्या खोलीत ठेवलं. काही घरांनी उत्तरच दिलं नाही. तरी 61 जणींचं काम झालंय. आता नवी आवृत्ती निघतेय तर ही वही जशीच्या तशी घ्या म्हणून आम्ही भांडतोय आणि घ्यायला लावणारच.

*

सगळे त्र्यंबकेश्वरच्या, काशीच्या तीर्थपुरोहितांकडच्या वंशावळीच्या वह्या सुचवतील म्हणून लिहितो, आमच्या लोकांची नावं त्या वह्यांत नाहीत. कुलवृत्तांत नाही. आजोबांच्या मागे मला काहीच माहीत नव्हतं. शेवटी महार वतनाच्या जुन्या कागदात चार नावं मिळाली, शेवटी "नाक" लागलेली, जशी तेव्हा आमच्यात असायची. त्या कागदात ती माणसं आहेत कारण त्यांच्याकडून काम घ्यायचं होतं. तरी नावं तर आहेत! मी ती वहीत उतरवली तेव्हा हात थरथरत होता.

दुसरी जागा म्हणजे जिल्हा परिषद शाळेचं जनरल रजिस्टर. आजोबा घरातले पहिले शाळेत गेलेले. जन्मतारीख गुरुजींनी घातलेली, 1 जून.

आजोबा 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला होते. परत आल्यावर घरातले देव नदीत सोडले, त्यात पूर्वजांचे टाक, म्हणजे धातूच्या पत्र्यावरच्या प्रतिमाही होत्या. मी आजीला विचारलं, वाईट वाटलं का. ती म्हणाली, कुणाचे टाक होते तेच कधी कुणी सांगितलं नव्हतं आम्हाला. मग तिला जेवढं आठवत होतं तेवढं, ती ज्वारी निवडत असताना, मोबाईलवर रेकॉर्ड केलं. सुपाचा आवाज जास्त आणि तिचा कमी आलाय. पण दुसऱ्यांदा रेकॉर्ड करायला ती राहिली नाही. म्हणून आहे तेच जपून ठेवलंय, तीन ठिकाणी कॉपी करून.

*

माझ्या मिस्टरांचं घर मॉरिशसचं, मराठीच. त्यांचे पूर्वज रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यावर गिरमिटिया म्हणून गेले. मोकाच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्या मजुरांची रजिस्टरं आहेत, नंबर, बापाचं नाव, वय, जात, गाव, जहाज, अंगावरची खूण. आमच्या माणसापुढे खूण लिहिलीये, डाव्या भुवईवर व्रण. मिस्टर खुर्चीतून उठून आरशापाशी गेले, काय बघायचं होतं कुणास ठाऊक, व्रण काही वारशात येत नाही. पण मला समजलं. त्यांच्या गावाचं नाव फ्रेंच कानांनी ऐकून लिहिलंय, अजून लागत नाहीये. रत्नागिरीतल्या कुणी मदत केली तर मी स्पेलिंग पाठवते.

*

धागाकर्त्या ताईंसाठी दोन गोष्टी. पहिली, पणजीचं श्राद्ध कधी करायचे ते मोठ्यांना विचारा. अविधवा नवमीला करत असतील तर ती नवऱ्याआधी गेलेली असते, मग तुमची ऐकीव माहिती पुन्हा तपासावी लागेल. जुन्या वहीत शके असेल तर 78 मिळवा, वर्षाच्या अखेरीचे महिने असतील तर 79.

दुसरी जास्त महत्त्वाची. जमीन होती का? असेल तर 1918-19 चे फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदी, काढा. पणजोबा गेले म्हणजे वारस नोंद झाली असणार, मुलं लहान म्हणजे त्यांच्या नावापुढे अ.पा.क. म्हणून आईचं नाव असणार, अज्ञान पालन कर्ता. बाईचं नाव सरकारी कागदात यायची ती एक हमखास जागा. मोडी लिपीत असेल बहुतेक. फोटो पाठवा, मी वाचून देतो, पेन्शनीत हेच करतो.

*

काका, तुम्ही म्हणालात तसं केलं. रेकॉर्ड रूममधून नक्कल मिळायला पाच आठवडे लागले. काल रात्री तुम्हाला फोटो पाठवला तेव्हा मला त्यातलं पानभर ओढलेल्या रेघेखेरीज काही कळत नव्हतं.

*

वाचलं. खातेदार मानमोडीच्या साथीने मयत, वारस अज्ञान मुलगे दोन, वयं सात आणि तीन, अ.पा.क. आई. नाव स्पष्ट आहे, खाली तिचा अंगठाही आहे. तुम्हाला मेसेज केलाय, इथे मी लिहीत नाही, तुमच्या घरी आधी कळू दे.

*

मिळालं काका. बाबांना फोन लावलाय, रिंग जातेय.